लस, ताप आणि लांबलेली पाळी: मेंदूपर्यंत पोचणाऱ्या निरोपाची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, ज्यांच्या एसटीत रेंज येत नाही किंवा जे हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीसारखा लिहून देतेय. जसं बोलले तसंच लिहिलंय, तेव्हा व्याकरणावरून भांडू नका.

मी वारंगा फाट्याची. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. नांदेडहून निघालात की अर्धापूर मागे पडतं आणि मग आमचा फाटा लागतो. इथून एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव, उमरखेड करत नागपूरकडे. ट्रकवाले, एसटीवाले, लग्नाची वऱ्हाडं, सगळे इथं थांबून खिचडी खातात आणि पुढं जातात. त्यामुळे आमच्याकडे बातमी पेपरात यायच्या आधी फाट्यावर येते. खरी पण येते, खोटी पण येते.

२०२१ मध्ये अशीच एक बातमी आली. एप्रिल महिना होता, १ मेपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना कोरोनाची लस मिळणार होती. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला लागला: मुलींनो, पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नका, तेव्हा अंगातली प्रतिकारशक्ती कमी असते. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानं, म्हणजे पीआयबीनं, हा मेसेज खोटा आहे असं लगेच जाहीर केलं. ते बरोबरच होतं. पाळीचे दिवस बघून लस टाळायला काहीच आधार नव्हता.

मी जुलैमध्ये पहिला डोस घेतला. संध्याकाळी हुडहुडी भरली, रात्री अंग भट्टीसारखं तापलं. आजी उशाशी बसून म्हणाली, "लस कशाची बाई, जहरच हाय ते. अंगात गेलं की अंग तापतंयच." सकाळी ताप उतरला, मी कामाला लागले. पण त्या महिन्यात माझी पाळी सहा दिवस उशिरा आली. मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारलं तर आणखी तिघी निघाल्या. एकीची लांबली, एकीला जास्त गेलं, एकीची लवकर आली. एका दवाखान्यात विचारलं, तर उत्तर मिळालं, "टेन्शन घेतलं असशील." आणि व्हॉट्सॲपचं उत्तर तर तयारच होतं: आता मूल होणार नाही.

म्हणजे बघा, एका प्रश्नाला तीन उत्तरं. आजीचं जहर, दवाखान्यातलं टेन्शन आणि व्हॉट्सॲपचं वांझपण. तिन्ही चुकीची. पण प्रश्न खरा होता ना? दंडाला सुई टोचली, तर पाळीला कसं कळलं?

ह्याचं उत्तर शोधायला विज्ञानाला जवळपास शंभर वर्षं लागली. आणि त्या गोष्टीची एक सुरुवात आपल्या मुंबईत आहे.

भायखळा, जानेवारी १८९७

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात गाठी येऊन, ताप चढून माणसं मरायला लागली. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं की हा प्लेग आहे. महिनाभरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेले, पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले आणि कॉलऱ्याची लस घेऊन आधीच भारतात फिरलेले. त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. झाली प्रयोगशाळा!

तिथं त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. कसे, माहितीये? पोषक रसावर तुपाचे थेंब सोडून. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंच्या वसाहती खाली लोंबत वाढायच्या. मग ते जंतू उष्णतेनं मारायचे आणि मेलेल्या जंतूंची लस करायची. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ती लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना द्यायची मात्रा ठरली, तिच्या कितीतरी पट जास्त, १० घन सेंटिमीटर. त्यांना ताप आला, टोचलेल्या जागी दुखलं आणि ते बरे झाले. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. लसीतले जंतू मेलेले होते. मेलेला जंतू वाढत नाही, पसरत नाही. मग अंग का तापलं? हाफकिनच्या काळात ताप म्हणजे लसीनं अंगात काम सुरू केल्याची खूण मानायचे. खूण बरोबर होती, पण तिच्यामागे काय चालतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

अर्धा धागा मात्र हाताशी होता. १८८० च्या दशकात बर्लिनमधल्या अरोन्सोन आणि झाक्स ह्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दाखवलं होतं की प्राण्याच्या मेंदूत एका ठरावीक जागी सुई टोचली तर अंगाचं तापमान चढतं. आणि १८९२ च्या सुमाराला रिचर्ड फायफर यांनी जंतूंच्या अंगातच असणाऱ्या, जंतू मेला तरी शिल्लक राहणाऱ्या विषाला एंडोटॉक्सिन असं नाव दिलं. प्लेगच्या जंतूंच्या कवचातही ते असतं. म्हणजे आजीचं 'जहर' अगदीच हवेतलं नव्हतं म्हणा! जंतूचं कवच दंडात, तापाचं बटण मेंदूत. मधला निरोप्या कोण, तेवढं सापडायचं राहिलं होतं.

निरोप्या सापडला

पन्नास वर्षं पुढे जाऊ. १९४८ मध्ये अमेरिकेत पॉल बीसन यांना दिसलं की पांढऱ्या रक्तपेशींमधून निघालेल्या एका पदार्थानं सशांना ताप येतो. म्हणजे ताप आणणारी वस्तू बाहेरून आलेलीच असते असं नाही, ती आपल्याच अंगात तयार होते. हे ऐकून पुष्कळांनी मान हलवली. ते म्हणाले, तुमच्या नमुन्यात जंतूंचं एंडोटॉक्सिन मिसळलं असेल.

१९७७ मध्ये चार्ल्स डिनरेलो यांनी माणसाच्या पांढऱ्या पेशींतून तो पदार्थ बराच शुद्ध करून दाखवला. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. अशा नॅनोग्रॅममध्ये मोजायच्या मात्रेनं सशाला ताप यायचा. त्याच काळात इतर प्रयोगशाळांना असेच पदार्थ वेगवेगळ्या कामांमुळे सापडले होते आणि प्रत्येकानं वेगळं नाव ठेवलं होतं. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत ठरलं: ह्याचं नाव इंटरल्युकिन-१. १९८४ मध्ये त्याचा जनुक सापडला आणि शंका मिटली.

इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ ह्या सगळ्या मंडळींना मिळून म्हणतात सायटोकाइन. कोरोनात 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द टीव्हीवर ऐकला असेल ना, तेच हे. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना जे निरोप धाडतात, ते म्हणजे सायटोकाइन. एरवी ते ठीकच असतात, त्यांचा पूर आला की घात होतो.

आता हे निरोप मेंदूत शिरतात कसे? मेंदूच्या रक्तवाहिन्यांना चेकपोस्टसारखी कडक भिंत असते, रक्तातलं काहीही सहज आत जात नाही. पण निरोपाला तीन वाटा आहेत. एक, मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसच्या शेजारी काही जागा अशा आहेत की तिथं ही भिंत सैल असते. दोन, सायटोकाइन रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींना भेटतात, त्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवतात आणि ते पलीकडे मेंदूत उतरतं. तीन, छाती-पोटापासून मेंदूत जाणारी व्हेगस नावाची नस आहे, तिच्यातूनही खबर जाते.

प्रोस्टाग्लँडिन हायपोथॅलॅमसमध्ये पोचलं की तिथला तापमानाचा काटा वर सरकतो. शरीराला वाटतं, आपण गार पडलोय. म्हणून आधी थंडी वाजते आणि मग अंग तापतं. तुम्ही पॅरासिटामॉलची गोळी घेता, ती हे प्रोस्टाग्लँडिन कमी करून ताप उतरवते.

इथपर्यंत माझ्या तापाचा हिशोब लागला. पाळी अजून बाकी आहे.

मेंदूनं लावलेला ब्रेक

हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या तळाशी असलेला बदामाएवढा भाग. आमच्या फाट्यासारखाच समजा, सगळे रस्ते तिथं येऊन फुटतात. भूक, तहान, झोप, ताप सगळं तिथून. आणि तिथल्या काही पेशी हार्मोन सोडतात. ते खालच्या पिट्युटरी ग्रंथीला जाऊन मिळतात आणि तिथून अंगभर हुकूम सुटतात.

१९७० च्या दशकात ह्यूगो बेसेदोव्स्की नावाचे अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडच्या डाव्होसमध्ये काम करत होते. १९७५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्राण्याची प्रतिकारशक्ती जोरात कामाला लागली की त्याच्या रक्तात स्टेरॉइड हार्मोन वाढतं. १९७७ मध्ये त्यांना दिसलं की त्याच वेळी हायपोथॅलॅमसमधल्या पेशींची विजेची हालचालही बदलते. म्हणजे प्रतिकारशक्ती मेंदूशी बोलते! तेव्हा हे बोलणं थोडं धाडसाचंच होतं. प्रतिकारशक्ती एका खात्यात, मेंदू दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही खात्यांची माणसं एकमेकांचे पेपर वाचत नव्हती.

१९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये वायली व्हेल यांच्या गटानं लाखो मेंढ्यांच्या मेंदूंतून एक हार्मोन वेगळं काढलं, सीआरएफ. हायपोथॅलॅमस सीआरएफ सोडतो, पिट्युटरी त्यावरून दुसरं हार्मोन सोडते आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. मग ऑक्टोबर १९८७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे निबंध आले. एक सॉल्कचा, रॉबर्ट सापोल्स्की आणि सहकाऱ्यांचा. दुसरा ॲमस्टरडॅमच्या फ्रँक बर्केनबॉश यांचा, त्यात बेसेदोव्स्कीही होते. दोघांनी उंदरांना इंटरल्युकिन-१ दिलं आणि दोघांना एकच दिसलं: हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ सुटतं.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण कॉर्टिसॉल प्रतिकारशक्तीला आवरतं. म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच मेंदूला निरोप धाडते, "आम्ही लढतोय, पण हाताबाहेर गेलो तर आवर घाला." १९८९ मध्ये एस्थर स्टर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दोन जातींची तुलना केली. ज्या जातीत हा सीआरएफचा प्रतिसाद कमजोर होता, त्या जातीचे सांधे सुजून निकामी होत होते. ब्रेक नसलेली गाडी!

कोरोनात डॉक्टरांनी ह्याच ब्रेकची नक्कल केली. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं स्टेरॉइड दिलं, तर मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले. आणि हाच ब्रेक नको तेव्हा, नको तितका दाबला की काय होतं, तेही आपण २०२१ मध्ये पाहिलं. ब्लॅक फंगसच्या साथीमागे वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही मोठी कारणं होती.

नाकातून आलेल्या दोन हजार पेशी

आता येते पाळी.

पाळीचा ताल धरणाऱ्या पेशीही हायपोथॅलॅमसमध्येच असतात. त्या जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडतात. १९७१ मध्ये अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमँ यांनी एकमेकांशी शर्यत लावून ते शोधलं, १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ह्या पेशी किती असतील? आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. त्यांत ह्या फक्त एक-दोन हजार! १९८९ मध्ये आणखी एक भारी गोष्ट कळली: बाळ पोटात असताना ह्या पेशी नाकाच्या जागी जन्मतात आणि तिथून चालत चालत मेंदूत जातात.

त्या हार्मोन सोडतात तेही नळासारखं सलग सोडत नाहीत. साधारण तासा-दीड तासाला एक झटका. अमेरिकेत अर्न्स्ट क्नोबिल यांनी माकडांवर दाखवलं की झटके तालात आले तरच पिट्युटरी ऐकते. तेच हार्मोन सलग दिलं तर ती कान बंद करून घेते. ताल बरोबर असला की बीज वेळेवर सुटतं आणि पाळी वेळेवर येते. ताल बिघडला की बीज सुटायला उशीर, म्हणून पाळीलाही उशीर.

मग ह्या तालाला सायटोकाइन भेटलं तर? १९८९ मध्ये सॉल्कच्या कॅथरीन रिव्हिए आणि वायली व्हेल यांनी आणि १९९० मध्ये फ्लोरिडातल्या पुष्पा कालरा, सत्या कालरा ह्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ दांपत्यानं सहकाऱ्यांसोबत उंदरांवर हेच तपासलं. इंटरल्युकिन-१ मेंदूत पोचलं की पिट्युटरीला जाणारा हुकूम मंदावतो. बीज सुटण्याआधी हार्मोनची जी मोठी लाट यावी लागते, तीच येत नाही.

नंतर मिशिगनमध्ये फ्रेड कार्श यांच्या गटानं मेंढ्यांना एंडोटॉक्सिन दिलं. आठवलं का? मेलेल्या जंतूच्या कवचातलं तेच, ज्यानं १८९७ मध्ये हाफकिनचं अंग तापवलं. मेंढ्यांना ताप आला, कॉर्टिसॉल वाढलं आणि जीएनआरएचचे झटके थंडावले. पुढे त्यांनी प्रोस्टाग्लँडिन अडवणारं औषध आधी दिलं, तर ताप आला नाही आणि झटकेही चालू राहिले. म्हणजे एकच निरोप्या दोन दारं वाजवत होता, तापाचंही आणि पाळीचंही.

२००३ नंतर मधला आणखी एक दुवा जुळला. जीएनआरएचच्या पेशींना ताल देणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, त्यांचं हार्मोन किसपेप्टिन. एंडोटॉक्सिन दिलेल्या उंदरांत हे किसपेप्टिनही कमी होतं.

शरीराच्या बाजूनं विचार केला तर ह्यात शहाणपण दिसतं. घराला आग लागली असताना कुणी बारशाची तयारी करत नाही. अंग लढाईत गुंतलंय, तर गर्भ राहण्याचं काम थोडं पुढं ढकला. लढाई संपली की पुन्हा ताल धरा. लसीची लढाई लुटुपुटीची असते, दोन-चार दिवसांची. त्यामुळे पुढं ढकलणंही तेवढंच.

मोजलं कुणी?

आता माणसांचं बोलू. कोरोनाच्या लसींच्या मोठ्या चाचण्यांमध्ये ताप मोजला, डोकेदुखी मोजली, दंडाची सूज मोजली. पाळीची नोंद मात्र पद्धतशीरपणे घेतली गेली नाही. २०२१ मध्ये जगभरच्या बायका सांगायला लागल्या, तेव्हा ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं ह्या अभ्यासासाठी पाच संस्थांना पैसे दिले.

जानेवारी २०२२ मध्ये पहिलं मोठं उत्तर आलं. पाळीच्या तारखा ठेवायचं ॲप वापरणाऱ्या अमेरिकेतल्या जवळपास ४,००० महिलांच्या नोंदी तपासल्या. लस घेतलेल्यांचं चक्र सरासरीनं एक दिवसापेक्षाही कमी लांबलं. एकाच चक्रात दोन्ही डोस मिळाले त्यांचं साधारण दोन दिवस. पुढच्या चक्रांमध्ये सगळं पूर्ववत. सरासरी म्हणजे सगळ्यांचं सारखं नाही हं. काहींची आठ दिवसांवरही हलली. पण लस न घेतलेल्यांमध्येही काहींची तितकी हलली होती. म्हणून माझे सहा दिवस नक्की लसीनंच गेले असं मी छातीठोक म्हणणार नाही. ते शक्य आहे, आणि कसं शक्य आहे ते आता मला सांगता येतं. हायपोथॅलॅमसच्या वाटेनं तर होतंच, शिवाय गर्भाशयाच्या अस्तरातही प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात, तिथूनही रक्तस्राव कमी-जास्त होऊ शकतो.

आणि मूल होण्याचं काय? त्याच महिन्यात बोस्टनच्या संशोधकांनी मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या दोन हजारांहून जास्त जोडप्यांचा अभ्यास छापला. लस घेतल्यानं गर्भ राहण्यात काही फरक पडला नव्हता. उलट, पुरुषांना कोरोना झाला तर काही काळापुरती शक्यता घटल्याचं दिसलं.

गजभर सुई

पुन्हा एकदा १८९७ कडे येते, कारण ही अफवा त्या काळापासूनची आहे.

प्लेग तेव्हा महाराष्ट्रभर पसरत होता. १० मार्च १८९७ ला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरात घुसत होते, सामान फेकत होते, बायका-माणसांना बाहेर काढून तपासत होते. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. आमचा हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. पण साथ काही सरहद्द बघून थांबत नाही.

अशा वातावरणात सुई घेऊन सरकार दारात आलं तर लोक काय म्हणणार? पंजाबात अधिकाऱ्यांनी त्या काळच्या अफवा नोंदवून ठेवल्या आहेत. सुई गजभर लांब असते. टोचलं की माणूस जागेवर मरतो. पुरुषांचं पौरुष जातं, बायका वांझ होतात.

वाचून मी थांबलेच. वांझ होतात! सव्वाशे वर्षांनी माझ्या फोनवर आलेला तोच मेसेज.

१९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवालला एकाच बाटलीतली लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. खापर हाफकिनवर फुटलं, त्यांचं पद गेलं. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण बसलेली भीती कागदानं जात नाही. आज मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था उभी आहे.

मला ह्यातून एक गोष्ट पटली. अफवेचं उत्तर खोटं असतं, पण तिच्या पोटात बऱ्याचदा एक खरा प्रश्न असतो. बायकांना खरंच काहीतरी जाणवलेलं असतं. त्यांना "खोटं आहे" एवढंच सांगून वाटेला लावलं, की त्या जिथं उत्तर मिळेल तिथं जातात. आणि व्हॉट्सॲप कधीच "माहीत नाही" म्हणत नाही. १८९७ मध्ये खरं उत्तर कुणाकडेच नव्हतं. २०२१ मध्ये मात्र इंटरल्युकिनची गोष्ट तीस वर्षांपूर्वीच छापून झाली होती. "ताई, लसीनं ताप येतो तशी पाळी थोडी मागे-पुढे होऊ शकते, महिना-दोन महिन्यांत जागेवर येते" एवढं एक वाक्य लसीकरणाच्या केंद्रावर भिंतीला लावलं असतं, तर आमच्या फाट्यावरच्या कितीतरी मुली घाबरल्या नसत्या.

म्हणून आज ते वाक्य मी इथं लावतेय. फक्त लसच कशाला, डेंग्यू, टायफॉइड, चिकनगुनिया, कुठल्याही जोरदार तापानंतर पाळी पुढे-मागे झाली तर हीच यंत्रणा आठवा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही जागेवर आली नाही, किंवा रक्तस्राव खूपच होत असेल, तर मात्र दवाखान्यात जा. कुणी "टेन्शन" म्हणून उडवून लावलं तर तारखा पुढे ठेवा. आणि तारखा ठेवायला ॲपच हवं असं नाही, भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनानं गोल केला तरी चालतो.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी आजीला सगळं सांगितलं. जंतूचं कवच, निरोप, नाकातून चालत गेलेल्या पेशी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या टायमाला हे कुणी सांगितलंच न्हाई. ताप आला की पाळी चुकायची, अन् घरात सगळे भलतंच बोलायचे." मग थोडा वेळ गप्प बसली. भलतंच म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. तुम्हाला कळलं असेल.

तर मंडळी, तुमच्या घरातल्या आजीला, आईला, मावशीला एकदा विचारून बघा, त्यांच्या काळात तापानंतर काय व्हायचं आणि लोक काय म्हणायचे. जे कळेल ते आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, नाव न सांगता पाठवलं तरी चालेल. पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि कधी आमच्या फाट्यावरून गेलात तर खिचडी खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका.